माफी आहे, मनाई नाही

जुम्म्याची नमाज संपते. मशिदीच्या पायरीवर चपला शोधणाऱ्यांची गर्दी होते आणि एक बाप मात्र आतच रेंगाळतो. माणसं पांगली की तो मौलानांजवळ जाऊन हळू आवाजात विचारतो, “मौलाना, मुलगा सोळाचा झाला. मिसरूड फुटलंय. पण नमाज म्हणजे काय, रोजा म्हणजे काय, त्याला कळत नाही. गुनाह त्याला लागतो की मला?”

बौद्धिक दिव्यांग मूल असलेल्या मुसलमान घरात हा प्रश्न कधी ना कधी उठतोच. त्याचं उत्तर तसं सोपं आहे. ज्याला कळत नाही त्याला गुनाह नाही, आणि त्याच्या न कळण्याचा गुनाह आईबापांनाही नाही. अवघड आहे ते पुढचं. हे उत्तर ऐकून घरी गेलेली माणसं दोन टोकांना जातात. काहींचा त्यावर विश्वासच बसत नाही; मग सूरह फातिहा पाठ होत नाही म्हणून मुलाच्या पाठीत धपाटे बसत राहतात. काहींचा नको तितका बसतो. मग ईदच्या सकाळी सगळं घर ईदगाहला जातं आणि ते मूल शेजारणीकडे टीव्हीसमोर बसवलं जातं. ‘त्याच्यावर कुठे फर्ज आहे?’

फर्ज नाही हे खरं. पण जे फर्ज नाही त्याचं दार बंद आहे, असं शरियत म्हणत नाही. मुलाला माफी आहे, मनाई नाही. एवढं धरून ठेवलं तर पुढच्या बहुतेक प्रश्नांची वाट सापडते.

हिशेब कोणाचा लागतो?

ज्याच्यावर धार्मिक जबाबदारी आहे त्याला शरियतमध्ये ‘मुकल्लफ’ म्हणतात. मुकल्लफ ठरायला दोन गोष्टी लागतात: माणूस बालिग हवा आणि त्याला अक्ल हवी. शरीर वयात आल्याची खूण दिसली की मूल बालिग धरतात. खूण दिसली नाही तरी चांद्र वर्षांनी १५ पूर्ण झाली, म्हणजे आपल्या कॅलेंडरनं साडेचौदाच्या सुमारास, ते बालिग होतं. त्या बापाच्या मुलाची ही अट पुरी झाली आहे. दुसरी पुरी झाली नसेल तर पहिलीनं काही सिद्ध होत नाही.

याचा आधार असलेली हदीस हजरत आयशा आणि हजरत अली (रजि.) यांच्याकडून आली आहे आणि अबू दाऊद व तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. तिचा आशय असा की तिघांच्या बाबतीत कर्मं लिहिणारी लेखणी उचललेली असते: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि अक्ल गेलेल्याला ती परत येईपर्यंत. सूरह बकराच्या शेवटच्या आयतीतही तत्त्व हेच आहे की अल्लाह कोणावर त्याला पेलणार नाही एवढं ओझं टाकत नाही.

जुन्या फकीहांनी, म्हणजे शरियतच्या जाणकारांनी, इथे बारकाईनं फरक केला होता. ज्याची अक्ल पुरती गेली तो ‘मजनून’. ज्याला थोडं समजतं, पण समज अपुरी आहे आणि बोलण्या-वागण्यात गोंधळ आहे तो ‘मातूह’. आज आपण ज्यांना बौद्धिक दिव्यांग म्हणतो त्यांतले बरेच जण या दुसऱ्या शब्दाच्या जवळचे आहेत. हनफी फकीहांनी मातूहला समज फुटलेल्या पण अजून बालिग न झालेल्या मुलाच्या जागी ठेवलं. १९व्या शतकात उस्मानी तुर्कांनी तयार केलेल्या ‘मजल्ला’ या संहितेतही तीच मांडणी आहे. याचा घरगुती भाषेतला अर्थ असा: नमाज त्याच्यावर फर्ज नाही, पण त्यानं समजून पढली तर ती खरीखुरी नमाज आहे. तिला ‘खेळ’ म्हणू नये.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय वाकडे झालेलं, लाळ गळणारं, शब्द न फुटणारं मूल अनेकदा आतून पूर्ण समजदार असतं. स्वमग्न मुलांपैकीही काहींची बुद्धी अजिबात कमी नसते. बाहेरून पाहून अशा मुलाला ‘याला सगळं माफ’ म्हणून टाकलं तर तो त्याच्या अकलेचा अपमान आहे. त्याला बसून, पडून, इशाऱ्यानं नमाज पढण्याची सवलत आहे, बुखारीतल्या इमरान बिन हुसैन (रजि.) यांच्या हदीसमध्ये आधी बसून, तेही जमत नसेल तर पडून, असा क्रम सांगितलेला आहे. म्हणून सगळ्यात आधी मुलाची नीट तपासणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात ती होते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे, तिथेही होते.

मौलानांना काय सांगाल?

‘माझा मुलगा मंद आहे, त्याला नमाज माफ आहे का?’ असं विचाराल तर उत्तरही तितकंच मोघम मिळेल. बुद्ध्यांकाचा आकडा डॉक्टरांना उपयोगी पडतो. ५० ते ६९ असेल तर ते सौम्य अपंगत्व धरतात. पण मुफ्तींना आकड्यापेक्षा वर्णन हवं असतं. घरून निघण्यापूर्वी या गोष्टी कागदावर लिहून घ्या:

• चूक आणि बरोबर यांतला फरक त्याला कळतो का? दुसऱ्याची वस्तू उचलताना तो लपवतो का?
• अल्लाह कोण, नमाज कशासाठी, हे तो आपल्या मोडक्यातोडक्या शब्दांत सांगू शकतो का?
• नमाजची वेळ, रकातींचा क्रम, पाकी-नापाकी यांतलं किती लक्षात राहतं? आठवण केली तर जमतं की तरीही नाही?
• भूक-तहान सोसण्यामागचं कारण त्याला समजतं, की फक्त त्रास समजतो?
• ही स्थिती जन्मापासून एकसारखी आहे, की फिट किंवा औषधांमुळे कमी-जास्त होते?
• डॉक्टरांनी त्याचं समजेचं वय साधारण किती सांगितलं आहे?

सौम्य अपंगत्व असलेल्या एखाद्या मुलीला अल्लाह, पाप-पुण्य, प्रामाणिकपणा हे सारं कळतं, फक्त रकाती मोजता येत नाहीत. तिच्या बाबतीत मुफ्ती कदाचित म्हणतील, तिला जितकं कळतं तितकी जबाबदारी आहे, मोजायला कुणीतरी सोबत द्या. दुसऱ्या मुलाला आईशिवाय काहीच कळत नसेल तर त्याच्यावर काहीही नाही. ‘मतिमंद’ या एका शब्दाखाली ही दोन मुलं एकत्र कोंबली जातात, तिथेच घोटाळा होतो.

एक गोष्ट फकीहांनी माफ केलेली नाही. मुलानं शेजाऱ्याची काच फोडली तर त्याला गुनाह नाही, पण काचेची भरपाई द्यावी लागते. ‘त्याला काय कळतंय’ असं म्हणून हात झटकू नका.

वुजू: शेवटापासून सुरुवात

मुलांना सातव्या वर्षी नमाज सांगावी, दहाव्या वर्षी सक्ती करावी, ही हदीस बहुतेकांना पाठ असते. ती समज फुटलेल्या मुलांबद्दल आहे. ज्याचं शरीर दहा वर्षांचं आणि समज चारची, त्याला तो नियम लावणं म्हणजे चार वर्षांच्या मुलाला मारणं. ज्या पैगंबरांची (स.) दहा वर्षं सेवा करून अनस (रजि.) सांगतात की त्यांनी मला कधी साधं ‘उफ्’ म्हटलं नाही, त्यांच्या नावावर छडी उचलू नये.

मग शिकवायचं कसं? विशेष शिक्षक जेवण आणि कपडे घालणं जसं शिकवतात तसंच. वुजूचं उदाहरण घेऊ. सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत वुजूची चार कामं सांगितली आहेत: चेहरा धुणं, कोपरापर्यंत हात धुणं, डोक्यावरून ओला हात फिरवणं, घोट्यापर्यंत पाय धुणं. गुळण्या, नाकात पाणी, प्रत्येक अवयव तीनदा या सुन्नत पुढच्या वर्षी आल्या तरी चालतील. आधी चार.

आता सुरुवात पहिल्या कामापासून करू नका, शेवटच्यापासून करा. मुलाला बुटक्या स्टुलावर बसवा. त्याचे हात तुमच्या हातांत धरून चेहरा, हात, डोकं आणि उजवा पाय तुम्हीच धुऊन घ्या. डावा पाय त्याच्यासाठी ठेवा. मग्यात थोडं पाणी, त्याचा हात पायावर, “आता तू.” झालं की लगेच शाबासकी, टॉवेल, वुजू संपला. पुढचे पंधरा दिवस फक्त डावा पाय. तो न सांगता जमू लागला की उजवाही त्याच्याकडे. मग डोकं, मग हात, शेवटी चेहरा. यात मूल दर वेळी स्वतःच्या हातानं काम संपवतं. पुढून शिकवलं तर ते दर वेळी अर्ध्यावर अडतं आणि आईचा आवाज चढतो.

नळ उघडा ठेवू नका. पाण्यात रमणारी मुलं तासभर तिथून हलत नाहीत. एक मगा भरून ठेवा. मगा रिकामा म्हणजे वुजू पुरा. पैगंबर (स.) एक मुद पाण्यात, म्हणजे दोन्ही हातांच्या भरल्या ओंजळीएवढ्या मापात, वुजू करत असल्याचं हदीसमध्ये आहे. त्यामुळे मगा ही कंजुषी नाही, सुन्नतच आहे. समोर चार चित्रांची पट्टी प्लॅस्टिकमध्ये घालून लावा. चित्रं त्याच्याच फोटोंची असतील तर उत्तम.

घरची जानमाज, मग मशीद

नमाजही अशीच तुकड्यांनी शिकवा. घरात एक जागा, एकच जानमाज, एकच वेळ ठरवा. मगरिब सोयीची, कारण तेव्हा सगळे घरी असतात आणि नमाज छोटी असते. मूल सुरुवातीला फक्त शेवटचा सलाम फिरवायला आलं तरी चालेल. नंतर सजदा. बोलता न येणाऱ्या मुलाला तस्बीहचे मणी सरकवू द्या. कुरआन अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट सवाब असल्याचं हदीसमध्ये आहे. शेजारच्या हाफिज मुलाशी आपल्या मुलाची तुलना करताना हे आठवावं.

मशिदीत एकदम जुम्म्याला नेऊ नका. गर्दी, लाउडस्पीकर, अत्तराचे वास, अनोळखी हात. अनेक मुलं तिथेच बिथरतात आणि मग ‘याला आणू नका’ असा कायमचा शिक्का बसतो. पहिल्यांदा असर आणि मगरिबच्या मधल्या रिकाम्या वेळी न्या. चपला कुठे काढायच्या, वुजू कुठे, आपण बसायचं कुठे, हे दाखवा आणि दहा मिनिटांत परत या. असे पाच-सहा फेरे झाले की एखाद्या साध्या वक्ताच्या नमाजला न्या. सफेच्या टोकाला, दाराजवळ उभे राहा म्हणजे उठून जाणं सोपं जातं. आवाजाचा त्रास असेल तर कानांवर हेडफोन लावा. डायपर लागत असेल तर निघण्यापूर्वी बदला आणि एक जोड पिशवीत ठेवा. इमामांना आणि रोजच्या चार नमाजींना आधीच सांगून ठेवा: तो कधी मोठ्यानं हसतो, कधी पुढे चालत जातो, त्याला हाताला धरून ओढू नका, आम्ही बघतो.

मशिदीच्या ट्रस्टींनाही दोन शब्द सांगायला हवेत. पैगंबर (स.) आपल्या नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढत, सजद्यात जाताना खाली ठेवत, उभं राहताना पुन्हा उचलत. मागून मुलाच्या रडण्याचा आवाज आला तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत. त्यांच्या मशिदीत मुलाचा आवाज हे नमाज मोडण्याचं कारण नव्हतं. सहीह मुस्लिममध्ये अनस (रजि.) यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट आहे. मदिनेत एक बाई होती, तिच्या बुद्धीत काहीतरी कमी होतं. तिनं पैगंबरांना म्हटलं, मला तुमच्याशी काम आहे. त्यांनी तिला आदरानं, तिच्या मुलाचं नाव घेऊन ‘अमक्याची आई’ म्हणून हाक मारली आणि सांगितलं, तू म्हणशील त्या गल्लीत मी येतो. मग तिच्यासोबत रस्त्यात उभे राहून तिचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकलं. कुठे बोलायचं हे त्यांनी तिला ठरवू दिलं.

रोजे, फिद्या, फित्रा, जकात

रमजान जवळ आला की हिशेबाचे प्रश्न सुरू होतात. ज्याला समज नाही त्याच्यावर रोजा फर्ज नाही, म्हणून त्याच्या रोज्यांची कजा नाही आणि फिद्याही नाही. फिद्या त्याच्यासाठी असतो ज्याच्यावर रोजा फर्ज आहे पण म्हातारपणामुळे किंवा न बऱ्या होणाऱ्या आजारामुळे तो ठेवता येत नाही. दरवर्षी तीस दिवसांचा फिद्या मोजणाऱ्या आईबापांनी तो पैसा सदका म्हणून हवा तर द्यावा, कर्ज फेडल्यासारखा देऊ नये.

मुलाला सगळ्यांसारखा रोजा हवा असेल तर सहरीला उठवा आणि दुपारपर्यंतचा ठेवू द्या. फिटची गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळ बदलू नका. चुकलेली एक गोळी फिट आणू शकते. रोजा न ठेवताही रमजान त्याचा असू शकतो. इफ्तारच्या ताटात प्रत्येकापुढे एकेक खजूर ठेवण्याचं काम त्याला द्या. महिनाभर रोज तेच काम केलं की अजान झाली की तो आपणहून डबा उचलतो.

फित्रा बाप आपल्या लहान मुलांचा देतो तसाच हनफी मतानं अशा मोठ्या पण समज नसलेल्या, मालमत्ता नसलेल्या मुलाचाही द्यायचा.

जकातीत मात्र आपल्याकडेच दोन मतं आहेत. देशावर, मराठवाड्यात, खानदेशात बहुतेक मुसलमान हनफी आहेत. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. हनफी मतानं अज्ञान मुलाच्या किंवा समज नसलेल्याच्या संपत्तीवर जकात नाही. शाफई मतानं आहे, आणि ती त्याच्या वलीनं (पालकानं) त्याच्याच मालातून काढायची. रत्नागिरीच्या शाफई घरात विशेष मुलीच्या नावावर आजीनं आठ तोळे सोनं ठेवलं असेल तर साडेसात तोळ्यांची मर्यादा ओलांडली गेली; वडिलांनी दरवर्षी त्यावर अडीच टक्के काढावेत. लातूरच्या हनफी घरात तेच सोनं असेल तर जकात नाही. म्हणून मसअला विचारताना आपला मसलक सांगा.

वयात येताना

आईबापांची झोप उडते ती इथे. मुलीची पाळी सुरू होते, मुलगा नको तिथे हात लावू लागतो, आणि घर एकतर ओरडतं किंवा डोळे मिटतं. दोन्हींनी काही साधत नाही. सूरह नूरच्या ५८व्या आयतीत मुलांनी मोठ्यांच्या खोलीत जाताना परवानगी घ्यायच्या तीन वेळा सांगितल्या आहेत: फजरच्या आधी, दुपारच्या आरामाच्या वेळी आणि इशानंतर. विशेष मुलासाठी हा तयार धडा आहे. दारावर लाल कागद लावा. लाल दिसला की टकटक करायची. आणि त्याच्याही दारावर आपण टकटक करायची. दहाव्या वर्षी बिछाने वेगळे करण्याचा नियम इथे पाळा. शरीराला समजेची वाट पाहता येत नाही.

मुलीला पहिल्या पाळीच्या आधीच बाहुलीवर पॅड लावायला शिकवा. पाळीत नमाज नसते, हे तिला ‘सुट्टीचं कार्ड’ दाखवून सांगता येतं. गुस्लचे टप्पे वुजूसारखेच चित्रांत लावा. न्हाऊ घालायला शक्यतो मुलीला आई-बहीण, मुलाला बाप-भाऊ असावेत. पर्याय नसेल तर गरजेपुरती मोकळीक आहे. शरीराच्या कोणत्या भागाला कोणीही हात लावायचा नाही आणि लावला तर कोणाला सांगायचं, हे शिकवणं टाळू नका. मदरशात, रिक्षात, नात्यात, कुठेही तिच्या गप्प राहण्याचा फायदा घेतला जाऊ शकतो.

‘निकाह लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला देणारे भेटतील. निकाह हे औषध नाही. समोरच्या घरापासून अपंगत्व लपवून केलेला निकाह ही फसवणूक आहे, आणि फसवणुकीचा हिशेब मात्र पुरता मुकल्लफ असलेल्या आपल्यालाच द्यायचा आहे.

नजर, जिन आणि औषध

कुरआनात पुन्हा पुन्हा सांगितलं आहे की एकाचं ओझं दुसरा वाहत नाही. त्यामुळे ‘तुमच्या गुनाहांची सजा मुलाला मिळाली’ असं म्हणणाऱ्या नातलगाला तिथेच थांबवा. कारणं वैद्यकीय असतात: गुणसूत्रांतला बदल, बाळंतपणात मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, थायरॉइडची जन्मजात कमतरता, मेंदूज्वर. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या निकाहात काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते. असं घर असेल तर पुढच्या बाळाआधी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाचा सल्ला घ्या.

दुआ करा, कुरआन वाचून मुलावर फुंकर घाला. त्याला कोण नाही म्हणेल? पण जिन काढण्यासाठी मुलाला धुरी देणारा, मारणारा, उपाशी ठेवणारा माणूस दिसला तर मूल उचलून घरी आणा. तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या परिसरातल्या एका आश्रमगृहात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्यानं २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. इलाज करा, हा पैगंबरांचा (स.) आदेश या दोन्ही कायद्यांच्या फार आधीचा आहे.

आपल्यानंतर कोण?

हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या उशाशी असतो. सूरह निसाच्या पाचव्या आयतीनं याची रीत घालून दिली आहे: ज्याला व्यवहार कळत नाही त्याच्या हाती संपत्ती सोपवू नका, पण त्याला त्यातून खायला-ल्यायला द्या आणि त्याच्याशी भल्या शब्दांत बोला. पैशाचा हुकूम देतानाच बोलण्याची रीतही सांगितली आहे.

हदीसमध्ये एका सहाबीची गोष्ट येते. व्यवहाराची समज कमी, बाजारात सतत फसायचे. घरच्यांनी पैगंबरांकडे मागणी केली, यांना खरेदी-विक्रीची बंदी करा. त्यांना बोलावलं, समजावलं. ते म्हणाले, मला सौदा केल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा पैगंबरांनी त्यांना एक शब्द शिकवला: सौदा करताना म्हणायचं, फसवणूक चालणार नाही. काही रिवायतींत सौदा मोडायला तीन दिवसांची मुदतही आहे. बंदीऐवजी आधार. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ‘मर्यादित पालकत्व’, जिथे पालक आणि ती व्यक्ती मिळून निर्णय घेतात, त्याच वाटेनं जातं. मुलाला दुकानातून शंभर रुपयांची खरेदी करू द्या, चुकू द्या, चिठ्ठी सोबत द्या.

कागदाची कामं मात्र आजच सुरू करा:

• दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. बहुतेक सवलती त्यावरच मिळतात.
• मूल १८ चं झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वाला लागू आहे. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे.
• वारसा: अपंगत्वामुळे मुलाचा हिस्सा जात नाही. ‘त्याला काय करायचंय’ म्हणून भावांनी तो वाटून घेणं म्हणजे दुसऱ्याचा माल खाणं.
• वसीयत: एक तृतीयांशापर्यंतच होते, आणि वारसाच्या नावानं केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका.
• हिबा: जिवंतपणी मुलाच्या नावावर काही करता येतं. मुलांमध्ये बक्षिसाची बरोबरी ठेवावी ही नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या हदीसची शिकवण आहे, पण खऱ्या गरजेमुळे, जसं अपंगत्व, एकाला जास्त देण्याची मुभा इब्न कुदामांसारख्या फकीहांनी दिली आहे. भावंडांना समोर बसवून, कारण सांगून द्या. लपवून दिलेलं घर पुढे कोर्टात जातं.
• एक वही करा: औषधं, डॉक्टर, आवडतं खाणं, कशानं घाबरतो, कशानं शांत होतो, कोणत्या सूरहला हसतो. पुढच्या पालकाला ही वही लागेल.

भावंडांनाही विसरू नका. ‘भाईजानकडे लक्ष दे’ म्हणत त्यांचं बालपण खर्ची घातलं तर उद्या ते जबाबदारीपासून पळतील. आठवड्यातला एक तास फक्त त्यांचा ठेवा.

शेवटी त्या मशिदीतल्या बापाकडे वळू. त्याच्या मुलाच्या बाजूनं लेखणी उचललेली आहे. आपल्या बाजूनं ती चालूच आहे: आपण त्याला कसं शिकवलं, सफेत जागा दिली की नाही, त्याचा हिस्सा राखला की गिळला. जन्मापासून समज नसलेला माणूस मोठ्या वयात वारला तरी हनफी रिवाजात त्याच्या जनाज्यात लहान मुलाची दुआ पढतात. मोठ्यांच्या दुआत मयतासाठी माफी मागितली जाते. या दुआत त्याच्यासाठी माफी मागत नाहीत. मागे उभ्या असलेल्यांसाठी त्यानं अल्लाहपाशी शिफारस करावी, असं मागतात.